उदाचा धूर

माझ्या खोलीतली मीटिंग संपली. वस्तीतल्या बायका जिना उतरत होत्या, तेवढ्यात घरमालकीण काकू आत आल्या आणि तुळशीच्या पानानं सतरंजीवर गोमूत्र शिंपडू लागल्या.

“काकू, हे काय?”

“अगं, वास्तू शुद्ध राहते.”

“माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी येऊन जातात, तेव्हा नाही शिंपडत ते?”

“तुझ्या तोंडी कोण लागणार!”

वस्तीतल्या शांताबाई अजून जिन्यातच होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि त्या भराभर उतरून गेल्या.

अंगाचा तिळपापड झाला. कर्मकांडाविरुद्ध मी चौकाचौकात बोलते. तरी त्या क्षणी मला आईचं धुपाटणं आठवलं. तिन्हीसांजेला ती उदाचा धूर कोपऱ्याकोपऱ्यात फिरवायची आणि मग घरात जो असेल त्याच्यापुढे धरायची, मग तो कोळसेवाला असो की नवऱ्याशी भांडून आलेली शेजारीण. “घे बाई, जीव हलका होतो.” शेजारीण डोळे मिटून दोन्ही हातांनी धूर चेहऱ्यावर ओढून घ्यायची. घर शुद्ध करायला आईला कुणाला बाहेर काढावं लागलं नाही.

आता आई नाही. रविवारी पुन्हा मीटिंग आहे. शांताबाई येतील का, ठाऊक नाही. आल्याच, तर त्यांना आत घ्यायला दारात आई उभी असायला हवी होती.