तांबं एक, चांदी दोन

ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही किरटं आहे, आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंतच शिकले. आणि हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. तुम्हाला का सांगते? वाचताना तुमचं तोंड मला दिसणार नाही, म्हणून असेल.

लग्न होऊन समुद्राकाठच्या घिवलीत आले. मासळी विकायला ओरडावं लागतं. ते मला कधी जमलं नाही. म्हणून बोईसरच्या एका शाळेत झाडलोटीला लागले. वर्गाबाहेर पाणी भरताना कानावर पडेल ते ऐकायचं — फार आवडायचं मला. आजही ते दिवस आठवले की बरं वाटतं.

एकदा विज्ञानाच्या बाई दहावीला प्रयोग दाखवत होत्या. तपकिरी बाटलीतलं चांदीचं औषध नळीतल्या पाण्यात घातलं, तांब्याची तार सोडली, आणि तारेवर चकचकीत सुया उगवल्या. "तांबं आत जातं, चांदीला बाहेर काढतं. ही विस्थापन अभिक्रिया," बाई म्हणाल्या. मग फळ्यावर लिहीत म्हणाल्या, "तांबं एक, चांदी दोन."

एकाला दोन! तेवढ्यात मला घंटा द्यायला जावं लागलं.

माझ्या जाऊबाईच्या पायात चांदीचे पैंजण होते. माझ्या नव्हते. — आता कळलं ना, मी कशाकडे येते आहे?

प्रयोगशाळेचं कपाट शांताराममामा सांभाळायचे. वाणगावचे, शाळेचे जुने शिपाई. कपाट उघडं टाकून ते चहाला गेले, आणि ती तपकिरी बाटली मी पदराखाली घेतली. घरी काचेच्या बरणीत रिकामी केली, विहिरीचं पाणी घातलं, बोटांनी ढवळलं. आमचं पाणी मचूळ — क्षणात सगळं ताकासारखं पांढरं झालं. तार घालून बसले. चांदी कुठली? तळाचा साका तेवढा जांभळट होत गेला. वाळूत ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी उन्हात बोटं काळी पडली.

"हाताला काय गो झालं?" मामांनी विचारलं.

"माकूल साफ केले, मामा. त्याची शाई हाय."

"धू चांगली. नायतर नवरा म्हनंल, शाळेत धाडली तर दौतच होऊन आली!"

माकूल ही शाई सोडणारी मासळी, पण तिची शाई धुतली की जाते. वाणगावच्या शेतकरी माणसाला ते काय ठाऊक? बाई दिसल्या की मात्र मी हात पदरात घ्यायची. त्यांनी ओळखलं असतं.

बाटली महागाची होती. मामांच्या पगारातून पैसे कापले. हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर त्यांना निष्काळजी म्हटलं. मी तिथेच होते, झाडू घेऊन.

पुढल्या वर्षी तोच पाठ पुरा ऐकला. समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या लागतात. उजवीकडे चांदी दोन, कारण डावीकडेही ती दोनच होती. वाढत काही नाही. आणि मिठाचं पाणी घातलं तर पांढरा साका बसतो — ते दुहेरी विस्थापन. मुलं नवलाने बघत होती. मला तो साका ओळखीचा होता.

मग पैसे साठवले. खरं सांगायला धजले नाही. म्हणाले, "मामा, तुमचे उसने घेतलेले."

"मी कदी दिले गो?"

"तुमी विसरलात."

दर पगाराला थोडे देत गेले. मामा खूश. शिक्षकांना सांगत सुटले, "बगा, मी विसरलो, पन ही पोर विसरली नाय!" सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मग एक दिवस कपाटाचं कुलूप तिसऱ्यांदा ओढून बघताना ते मला म्हणाले, "डोकंच ऱ्हायलं नाय. ती बाटलीबी मीच कुठं ठेवली असन नि विसरलो असन."

पुढल्या पगाराला राहिलेले अकरा रुपये त्यांच्या हातावर ठेवले. पैसे तेवढे पुरते फिटले.