परळच्या चाळीतली निलगिरी

परळच्या त्या चाळीत नळाला पाणी जेमतेम तासभर यायचं. तेवढ्यात हंडा भरावा की भांडावं, हा बायकांपुढचा रोजचा प्रश्न. अशा ठिकाणी बकुळाबाईनं चाळीसमोरच्या मोरीमागच्या खडकाळ तुकड्यात निलगिरीचं रोप लावलं, तेव्हा सगळी चाळ हसली. परदेशी झाड, पाण्यावाचून मरेल म्हणे! बकुळाबाईनं दोन वर्षं भांडी विसळलेलं पाणी घातलं, मग तेही बंद केलं. झाड मेलं नाही. सरळसोट वाढत तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं.

मग हसणारेच पाला मागायला आले. सर्दीला पाला, चुलीला सुकलेल्या साली. बकुळाबाई द्यायची, पण टोमणा मारूनच.

तिचा स्वतःचा स्वार्थ वेगळा होता. नवरा भिवा गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात. पिंजताना उडणारं सगळं तूस छातीत बसलेलं. एकेकाळी मोर्च्यात घोषणा द्यायला त्यालाच पुढे करायचे. आता एक जिना चढताना तीनदा थांबायचा. निलगिरीच्या वाफेनं तो बरा होणार नव्हता, डॉक्टरनं तसं तोंडावर सांगितलं होतं. पण घटकाभर श्वास मोकळा व्हायचा, आणि त्या घटकेसाठी बकुळाबाई जगाशी भांडली असती.

सत्तावन्न साली संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा चाळीसमोर ठरली. कार्यकर्ता जयवंत सकाळीच कुऱ्हाड घेऊन हजर.

"काकी, झेंड्याला खांब पायजे. ह्याच्यासारखा सरळ दुसरा नाय."

"हात तर लावून बघ!"

"महाराष्ट्रासाठी मागतोय ना! आणि हे झाड तरी कुठं आपलं? बाहेरचं ते."

बकुळाबाईनं पदर खोचला. "माझा सासरा महाडकडनं उपाशी आला, त्याला पण बाहेरचाच म्हणत होते. इथंच राबला, इथंच मेला. मुंबई आपली म्हणतोस, ती कुणाच्या जिवावर रे? झेंडा लावायचाय ना? वरच्या गॅलरीतनं उभ्या झाडालाच बांध."

जयवंतनं कुऱ्हाड ठेवली आणि झेंडा बांधला.

संध्याकाळी बकुळाबाईनं भिवाच्या डोक्यावर चादर टाकून दोनदा वाफ दिली आणि त्याला हाताला धरून खाली आणलं.

"भिवाकाका, घोषणा तुम्हीच द्या," जयवंत म्हणाला.

भिवानं वर झेंड्याकडे पाहिलं. "संयुक्त महाराष्ट्र..."

एवढ्यातच श्वास संपला. पण घोषणेतलं त्याच्या वाट्याचं तेवढंच होतं.

"झालाच पाहिजे!" अख्खी चाळ गरजली.

लोक दुसऱ्या घोषणेची वाट बघू लागले. भिवा खोकत होता. "थांबा जरा," बकुळाबाईनं सभेला दटावलं, खालच्या फांदीचा मूठभर पाला ओरबाडला आणि वाफेसाठी पुन्हा पाणी चढवायला गेली.

सभा थांबली.