टाळी वाजवून बघितलेलं घर

दुसऱ्याची वापरलेली वस्तू विकत घेताना माणसाला थोडी लाज वाटते. माझ्या चुलत सासऱ्यांना ती नवी वस्तू घेताना वाटायची. कोऱ्या खोक्याकडं इतक्या तुच्छतेनं बघणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नसेल. "नव्या मशिनीला काय कळतंय, पावणं?" ते म्हणायचे. "तिनं अजून ऐकलंयच काय?" जुने ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, कमरेएवढाले स्पीकर कुठून कुठून उचलून आणायचे, दुरुस्त करायचे आणि पारखून दुसऱ्याला द्यायचे, हा त्यांचा धंदा. धंदा आपला म्हणायचा. पोटासाठी ते कागलच्या एमआयडीसीत पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवर उभे असत, आणि संध्याकाळी घरी येऊन, कानात साठलेला धडधडाट धुऊन काढावा तसे, गाणं लावून बसत. कानात कापूस घाला म्हणून सगळ्यांनी सांगून बघितलं. "कापूस घातल्यावर प्रेस कुरकुरतीया कुठं ते कळायचं कसं?" ते विचारायचे.

लग्नानंतर मी मामांकडं (सासऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात) गाण्याचा सेट बघायला गेलो आणि शहाण्यासारखं विचारलं, "मामा, यात ब्लूटूथ आहे का?" जावयानं तांबड्या रश्श्यात टोमॅटो सॉस मागावा तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पुतणीकडं बघितलं. तिच्या काळजीनं त्यांचा चेहरा उतरला होता. तरी सेट दिला. "नात्यात हाय, इलाज न्हाय," म्हणाले. माझ्या कानाला तबला आणि मिक्सर यातला फरक जेमतेम कळतो, हे तोवर त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

परक्याला मात्र सेट असा मिळत नसे. आधी घर बघणं व्हायचं. लेक द्यायच्या आधी बघतात तसंच, फक्त जरा जास्त कडक. मामा जाऊन भिंतीला तळवा लावून ओल तपासणार, समोर टीव्ही आहे का बघणार, आणि खोलीच्या मधोमध उभं राहून एकच टाळी वाजवणार. टाळी विरली तर घर पसंत. राधानगरीच्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी भिंतीला हात लावताक्षणी नकार दिला. तिकडच्या पावसात मशीन सर्दीनं जाईल म्हणाले. कोडोलीच्या एका शेतकऱ्याच्या खोलीत टाळी घुमली. "खोली रिकामी बोलतीया," मामा म्हणाले. त्याच्या बायकोनं आतून पांघरायची वाकळ आणून भिंतीला टांगली. मामांनी पुन्हा टाळी वाजवली आणि तिलाच विचारलं, "अजून एक हाय का?" तिच्या दोन वाकळा गेल्या, तेव्हा कुठं सेट आला. सेट दिल्यावर पंधराव्या दिवशी मामा खिशात मऊ फडकं घेऊन भेटायला जायचे. तास-दीड तास ऐकायचे, सेट पुसायचे, चहा न घेता परत यायचे. लेकीच्या घरचं पाणी घेत नाहीत म्हणे.

त्यांचा स्वतःचा सेट मात्र विक्रीला नव्हता. तीस वर्षं एकेक भाग शोधून जमवलेला. निळ्या उजेडात काटे हलणारा ॲम्प्लिफायर, भारी रेकॉर्ड प्लेअर, सागवानी स्पीकरची जोडी. निवृत्तीनंतर काही वर्षांनी एका रविवारी त्यांनी मला बोलावलं आणि सेटकडं न बघता म्हणाले, "ह्यो देऊन टाकायचा."

"का हो, मामा?"

"प्रेसनं कान खाल्लं. आता मी गाणं ऐकत न्हाय पावणं, आठवतोय." मग म्हणाले, "माझं झालं. पर त्यो ऐकणाऱ्याच्या घरात जाऊ दे. वाजत राहू दे. एवढंच बघायचं."

गिऱ्हाईक मिळालं, कळंब्याच्या बाजूला नवा बंगला बांधलेला एक सज्जन माणूस. पण घर बघायला जाणार कोण? मामांना स्वतःची टाळी ऐकू येत नव्हती. त्यांनी हे काम माझ्यावर सोपवलं. आयुष्यात त्यांनी केलेली ही एकच चुकीची पारख.

मी पोचलो ते नेमका जेवणाच्या वेळी. मालकानं आग्रह केला. तांबडा झाला, पांढरा झाला, पांढरा परत झाला. मी भिंतीला हात लावला, तोही पाटावरून उठताना आधार म्हणून. टाळी वाजवली, ती त्यांच्या स्वयंपाकाला. गाणं कुठलं ऐकता, हे विचारायचं राहूनच गेलं. घरी येऊन मामांच्या कानाशी ओरडलो, "घर एक नंबर आहे."

सेट गेला. पंधराव्या दिवशी मी मामांना मोटारसायकलवर घालून तिकडं नेलं. बंगल्यात गाणं चालू होतं. टीव्हीच्या दोन बाजूंना ते स्पीकर रखवालदारासारखे उभे, ॲम्प्लिफायरचा निळा उजेड लागलेला, आणि रेकॉर्ड प्लेअरवर पितळी फुलदाणी. गाणं येत होतं खिडकीतल्या मुठीएवढ्या डबीतून. मी स्पीकरच्या मागं वाकून बघितलं. एक वायर नव्हती. मालक हळूच म्हणाला, "वायरी फार दिसायच्या ओ, काढून टाकल्या. लायटिंग मस्त दिसतंय न्हवं?"

मामा सोफ्यावर डोळे मिटून बसले. बिचारे निळ्या उजेडावर विश्वास ठेवून बसलेत, असं मला वाटलं, आणि पहिल्यांदा त्यांच्या बहिरेपणाचा आधार वाटला. मग ते उठले. डाव्या स्पीकरच्या कापडावर त्यांनी पंजा पसरून ठेवला आणि तसेच उभे राहिले. वाजणारा स्पीकर हाताखाली थरथरतो, एवढं माझ्यासारख्या दगडालाही ठाऊक आहे. मामा उजव्या स्पीकरकडं गेले. तिथंही तेवढाच वेळ उभे राहिले. मग खिशातलं फडकं काढून फुलदाणी उचलली, खालचा पाण्याचा ओघळ पुसला आणि फुलदाणी जपून जाग्यावर ठेवली.

"चांगलं ठेवलंयसा," ते मालकाला म्हणाले. चहा आला. मामांनी तो घेतला.

परतीच्या वाटेवर मी गाडी कडेला थांबवली. मागं वळून मोठ्यानं म्हणालो, "मामा, माझं चुकलं. मी नीट बघितलं नाही." आजूबाजूचे चार लोक बघायला लागले. मामांनी माझा खांदा थोपटला. "भिंती कोरड्या हायत की," म्हणाले. "तेवढं बराबर बघितलंसा. चला."

पुढं महिन्याभरानं मी त्यांना विचारलं, एकदा जाऊन यायचं का तिकडं? दोनदा ओरडून विचारावं लागलं. मामा जुन्या रेकॉर्डी फडक्यानं पुसत होते. वाजवायला घरात आता काहीच नव्हतं, पण पुसायच्या राहिल्या होत्या म्हणे.

"नगं," ते म्हणाले. "उजेड तरी लागतोय न्हवं लेकीचा."