युनूसभाईचा हात सुटला नव्हता

हे माह्या तोंडातून आजवर बाहेर पडलं नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. तुमाले काहून सांगून राह्यलो, मले नाही मालूम. तुम्ही मले ओळखत नाही, म्हणून असन.

मी दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होतो. सरकीची पोती ट्रकात भराची. हे काम जोडीचं असते. दोघांनी पोत्याचे दोन टोकं धराचे, झोका द्याचा, अन् एकानं हाक देली का दोघांनी एकाच वक्ती सोडाचं. हाकेच्या आधी जो सोडते, तो दुसऱ्याचं अंग मोडते. हमालात बेवडा चालते, कामचोर चालते, पण आधी हात सोडणाऱ्यासंगं कोणी जोडी लावत नाही.

माहा जोडीदार युनूसभाई, माह्याहून सात-आठ वर्षांनं मोठा. अकरा हंगाम आमची जोडी. एक डावही त्याचा हात आधी सुटला नाही.

आता जे सांगाचं आहे, त्याच्यासाठी जीभ जड होते. चाळिशी गाठली अन् माह्या अंगातलं ते — कसं म्हणू? बायकोजवळ गेलो का अंग साथ देत नव्हतं.  शोभा सकाळी चहा देताना नेहमीसारखीच बोले. तिनं दोन शिव्या देल्या असत्या तर बरं वाटलं असतं. डॉक्टरकडे जाची लाज. मंग पुसदले गेलो, मले तिथं कोणी ओळखत नाही म्हणून. मेडिकलवाल्यापुढं चार गिऱ्हाईकं जाऊ देले अन् मान खाली घालून गोळ्या मांगतल्या. चिठ्ठी त्यानं मांगतली नाही. कागदात बांधता बांधता इतकंच म्हणाला का कोणाकोणाची दुसऱ्या दिवशी कंबर दुखते, मांड्या दुखतात, दोन-तीन दिवसांत आपोआप जाते, घाबराचं नाही. हे ध्यानात ठेवा — मले मालूम होतं.

गोळीनं काम केलं. शोभा सकाळी भाकरी थापताना गुणगुणत होती. अन् मी मोठा मर्द बनून कामावर गेलो.

दुपारी कंबर भरून आली. मंग मांड्या अशा दुखाले लागल्या का जशा कोणी पिळून राह्यलं. 'युनूसभाई, आज जमत नाही' एवढंच म्हणाचं होतं, नाही का? पण त्यानं काहून म्हणून इचारलं असतं, अन् मंग गोळीचं सांगा लागलं असतं. झोका देला, कंबरेत चमक निघाली, अन् हाकेच्या आधी माहे हात सुटले. माहे. पोत्याचा सारा झटका त्याच्या मनगटावर गेला. मी कंबर धरून तिथंच खाली बसलो.

मुकादम धावत आला. ते वर्षं कसे होते तुमाले मालूम असन — कापसाचा भाव पडलेला, गाड्या कमी, जिनिंग अर्धा हंगाम बंद. माणसं कमी कराले मुकादम निमित्तच पाहत होता. कोणी सोडलं, म्हणून त्यानं इचारलं. सारे माह्याकडे पाहून राह्यले होते.

"युनूसभाईनं," मी म्हतलं.

युनूसभाईनं सोताच्या हाताकडे पाह्यलं. तो भांडला असता तर मी कबूल केलं असतं — असं मी मनाशी लय डाव म्हतलं. तेही खोटंच आहे.

दुसऱ्या दिवशी तो माह्या घरी आला, तिळाचं तेल कोमट करून. शोभानं त्याले दारातच नाही नाही ते सुनावलं. अकरा वर्षं याचं मीठ-भाकर खाल्लं अन् यालेच अपंग करतं का, म्हणे. मी आतून आयकत होतो. त्यानं मान खाली घालून सारं आयकलं, मंग आत आला, मले पालथं झोपवलं अन् कंबर चोळाले लागला. डाव्या हातानं. उजवं मनगट सुजून टम्म झालतं.

चोळता चोळता म्हणाला, "माह्याच हातून सुटलं असन, किसना. मले तर समजलंच नाही. मनात ठेवू नको."

माहं तोंड उशीत होतं. मी काय म्हणालो असन? 'असू दे' म्हणालो. माफ केलं मी त्याले! लाज वाटते हो — ते दोन शब्द आठवले का आजही अंगाले काटा येते.

मंग त्याच्यासंगं कोणी जोडी लावली नाही. आठवड्याच्या आत मुकादमानं त्याले येऊ नको म्हणून सांगतलं. मले दुसरा जोडीदार भेटला, माहं काम चालू राह्यलं. अन् युनूसभाई? त्याले ते खरंच वाटाले लागलं. चहाच्या टपरीवर सोताच सांगे का आता या हाताचा भरोसा नाही राह्यला. कपसुद्धा दोन हातानं धरे.

आता तो बस स्टँडजवळ सायकलचे पंक्चर काढते. कधी त्या बाजूनं गेलो का हाका मारून बसवते अन् पयले हेच इचारते, कंबर कशी आहे रे. मी सांगतो, थंडीत दुखते थोडी. मंग तो मान खाली घालते.

माही कंबर तिसऱ्याच दिवशी बरी झालती.