जगनची किळस

ठाकुर्लीच्या जगन साळवीला किळस येते. तशी ती आपल्या सगळ्यांनाच येते, पण आपण रुमाल नाकाला लावून पुढे सटकतो. जगन थांबतो. जिन्याच्या कोपऱ्यातली पिचकारी, टाकीच्या झाकणावरचं शेवाळ, चहावाल्याचं बोट बुडवून आलेलं कटिंग, प्रत्येकासमोर तो उभा राहतो, वरचा ओठ नाकाला लावतो, "शी! माणसं आहेत की कोण?" म्हणतो आणि फडकं शोधायला लागतो. "लग्नात भटजी मंत्र म्हणत होते आणि हे पाट पुसत होते," असं त्याची बायको हेमांगी अजून सांगते, आणि सांगताना हसते, म्हणजे संसार बरा चाललाय.

एमआयडीसीतला रंगांचा कारखाना बंद पडला तेव्हा तिथला वायरमन जगन पन्नाशीला टेकला होता. नेमका त्याच सुमाराला कल्याण-डोंबिवलीत सूर्य उगवला. उगवत तो आधीही होता, पण आता त्याची एजन्सी निघाली. काल टाइल्स विकणारा आज सोलर विकायला लागला, पाण्याच्या फिल्टरवाल्याने रातोरात पाटी बदलली, रिक्षांच्या पाठीवर 'लाइट बिल विसरा' आलं. जगन एका कंत्राटदाराकडे काम शिकला आणि डोंबिवलीतल्या 'गंगुबाई हाइट्स'च्या गच्चीवर देखभालीला लागला. गंगुबाई म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष धनेश पाटील यांच्या मातोश्री. बिल्डिंग उभी आहे ती जागा त्यांच्याच भातशेतीची.

गच्चीवरचा प्रकल्प सगळ्या जगाने मिळून केलेला होता. पॅनल चीनचे, इन्व्हर्टर जर्मनीचा, सांगाडा राजकोटचा. डोंबिवलीने त्यात धूळ घातली आणि कबुतरांनी उरलेलं. बाकीच्या सोसायट्यांत महिन्याला एकदा पॅनल धुतात. जगन रोज पहाटे धुवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. त्याला ते बघवायचंच नाही. परिणामी 'गंगुबाई हाइट्स'ची वीज आसपासच्या सगळ्या गच्च्यांपेक्षा जास्त निघायची आणि त्याबद्दल पाटलांचा दोनदा सत्कार झाला होता.

ही कीर्ती डेन्मार्कपर्यंत गेली. तिथली एक संस्था इथल्या लोकांच्या मदतीने कल्याणला सोलर दुरुस्तीचं प्रशिक्षण केंद्र काढणार होती, आणि शिकवायला प्रत्यक्ष हाताने काम केलेला माणूस हवा होता. संस्थेच्या इंगाबाई शनिवारी दुपारी बारा वाजता गच्ची बघायला येणार होत्या. जगनला ती जागा हवी होती. उघड बोलला फक्त हेमांगीजवळ. "पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या बल्बाला होल्डर लावले गं. एकदा कुणी 'सर' म्हणालं तर मरणार नाही मी."

शनिवारी पहाटे त्याने एकेक पॅनल असा घासला की कबुतरंसुद्धा खाली उतरायला बिचकली. मग घरी जाऊन दोनदा आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि साडेअकराला गच्चीचं दार उघडलं.

समोर मांडव होता.

पिवळ्या-लाल कापडाचा, झालरी लावलेला, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. मांडवाखाली सोफा, सोफ्यासमोर समई, समईच्या दोन्ही बाजूंना गारेगार सावलीत पहुडलेले पंचाऐंशी पॅनल. दक्षिणेकडून जे थोडं ऊन आत आलं असतं ते अडवायला वीस फुटी फ्लेक्स: 'सूर्यऊर्जेच्या पाहुण्यांचे हार्दिक स्वागत', आणि खाली चौदा चेहरे, सगळे मोबाइलवर बोलताना.

"शी!" जगन म्हणाला. "शी शी शी! दादा, हे काय केलंत?"

"काय रं, भारी झालाय ना?" पाटील खूश होते. गळ्यातली साखळी शर्टाच्या बाहेर काढून आले होते. "पाव्हनी बाय गोरी हाय जगन. उन्हानं करपंल ती."

"अहो, ती ऊनच बघायला येतेय!"

"मंग बघंल की खालून. कापड पातळ हाय."

"दादा, सावलीत वीज होत नाही. काढायला लावा."

"मांडव काढू? पाव्हना याच्या आधी? तुला कलतंय काय, काय बोलतोस ते? आमच्याकडं असा अपशकून कोनी करत नाय. आनि हे बघ, त्या शिकवायच्या कामाला मी आपल्या दिपेसचं नाव सांगनाराय. भाचा हाय माझा, डिप्लोमा केलाय. तू हायेस ना पुसायला."

दिपेश सोफ्यावर बसून केस नीट करत होता. गच्चीवर तो आज पहिल्यांदाच आला होता. कबुतरांची त्याला ॲलर्जी होती.

जगनच्या तोंडाची चव गेली. इतकी घाण त्याने आयुष्यात पुसली, पण ही कुठल्या फडक्याने पुसायची ते त्याला कळेना.

बाराला इंगाबाई आल्या. लांबलचक, टोपीवाल्या, बरोबर त्यांच्या ऑफिसची रुपाली दुभाष्या म्हणून. शाल झाली, श्रीफळ झालं. पाटलांनी शिकवायला दिपेशचं नाव पुढे करत भाषण सुरू केलं, पण बाई भाषणातून उठून सरळ इन्व्हर्टरसमोर गेल्या. एरवी भर दुपारी तिथे छत्तीस किलोवॅट दिसायचे. आज दिसत होते तीन.

"ढग आलाय वाटतं," पाटील म्हणाले. चौदा चेहऱ्यांपैकी हजर असलेल्या सहांनी मान डोलावली.

बाईंनी मांडवाबाहेर डोकं काढून आभाळाकडे पाहिलं. निळंशार. मग रुपालीमार्फत विचारलं, "हे सांभाळतं कोण?"

पाटलांनी जगनकडे असं पाहिलं की त्यात पुढच्या महिन्यापासूनची सुट्टी लिहिलेली होती. जगनने खाली पाहिलं. समईचं तेल ओघळून पॅनलच्या कडेला लागलं होतं. त्याचा वरचा ओठ आपोआप नाकाला गेला.

"मी सांभाळतो," तो म्हणाला. "ढगबिग काही नाही मॅडम. मांडव आहे. सूर्याला बोलावलं आणि दारात पडदा लावला."

मग कुणाची वाट न बघता तो शिडीवर चढला आणि दोऱ्या सोडायला लागला. पहिली पट्टी सुटली, इन्व्हर्टरवर नऊ झाले. दुसरी, अठरा. इंगाबाई लहान मुलीसारख्या प्रत्येक आकड्याला "ओह" म्हणायला लागल्या. फ्लेक्स खाली आला, चौदा चेहरे घडी होऊन पडले आणि आकडा पस्तीसवर गेला.

तेवढ्यात एका कबुतराने नुकत्याच मोकळ्या झालेल्या काचेवर आपलं मत नोंदवलं.

"शी!" जगन शिडीवरून उतरला, पाहुण्यांच्या टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, काचेवर ओतली आणि खिशातल्या नव्या रुमालाने कोपऱ्यापर्यंत पुसलं. बाईंनी दिपेशला विचारलं की अशा वेळी तो काय करेल. "कंपनी को कॉल करेगा," दिपेश मराठी विसरून म्हणाला.

"पुस्तकात लिहिलंय महिन्यातून एकदा," बाई जगनला म्हणाल्या. "तुम्ही रोज का धुता?"

"किळस येते."

रुपाली जरा घुटमळली, पण तिने ते जसंच्या तसं सांगितलं. बाई मोठ्याने हसल्या, मग वहीत काहीतरी लिहून बराच वेळ रुपालीशी बोलल्या.

"तुमचंच नाव देतायत त्या," रुपाली म्हणाली. "एक तारखेपासून कल्याणला शिकवायला येणार का, विचारतायत."

"उद्यापास्नं इथं पाय ठेवू नकोस!" मागून पाटील.

जगनने रुमाल घडी करून खिशात घालायला घेतला, त्याच्याकडे पाहिलं, आणि दोन बोटांत लांब धरला.

"येईन," तो म्हणाला. "पण त्यांना सांगा, आधी तिथला संडास दाखवा. मग बाकीचं ठरवू."