मुर्दे नंबर तीन

इथले भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षं नुसते वाचतोय. लिहायचा धीर होत नव्हता, कारण माझ्या अनुभवात रात्र नाही, पिंपळ नाही, कोणाच्या अंगातही आलेलं नाही. जे घडलं ते रोज सकाळी अकराच्या सुमारास, दार सताड उघडं असताना, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत असताना घडलं. शिवाय मी असल्या गोष्टी मानणारा नव्हतोच... मानणार तरी कसा? मेलेली माणसं उठतात असे पिक्चर दाखवून मी पोट भरत होतो. प्रेताच्या तोंडाला पीठ फासलंय आणि मानेला फासायचं राहून गेलंय, हे मी दिवसातून तीनदा बघायचो.

साल १९९३. गाव हिंगणी, तालुका सेलू, बोर धरणाच्या अलीकडे. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि एका टिनाच्या शेडमध्ये व्हिडिओ पार्लर चालवायचो. एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर, खाली सतरंज्या.

नागपूरहून इंग्रजी म्हणून आणलेल्या कॅसेटी बहुतेक इटलीच्या असायच्या, एखादी स्पेनची. हे मला पुढे इंटरनेट आल्यावर कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की हे इंग्रजी नाही आणि ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. म्हणून मी टीव्हीशेजारी माइक घेऊन उभा राहायचो आणि वऱ्हाडीत गोष्ट सांगायचो. "हा पाहा, उठला बुवा! तेरवीच्या जेवणाले बलावलं नाई म्हून उठला!" किंवा, "अवो बाई, पळता काऊन? तो चालते कसा पाहा, तुमी बसल्या बसल्या सरकल्या तरी निंगून जासान!"

लोक पोट धरून हसायचे. एका प्रेताच्या हातात घड्याळ होतं, त्याच्यासाठी माणसं दोन-दोनदा यायची. पण हसता हसता शेड एकदम गप्प व्हायची, तेही मी पाहिलंय. त्या पिक्चरमधली वावरं आमच्यासारखीच... कोरडी, उन्हातली, कडेला दगडाची भिंत. आणि आपली भुतं काहीतरी मागतात — नैवेद्य, सूड, राहिलेली इच्छा. हे मेलेले काही मागत नाहीत. माणसं खातात, पण त्यात राग नसतो. माती बाजूला करतात, उठतात, चालू लागतात. पाय मोडलेला असो, हात लोंबत असो. तुला जमणार नाही, असं त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. त्या स्वस्तातल्या पिक्चरांची ओढ मला वाटतं हीच होती.

आता जे सांगायला बसलोय ते.

माझे वडील मी लहान असताना गेले. मला वाढवलं दौलत काकाजींनी आणि सिंधूकाकूंनी. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकाजींचं दोन एकर वावर, त्यात वांगी आणि भेंडी. एका सकाळी चहा पिताना काकाजी म्हणाले, "सुधाकर, आज दुपारी मोटरची लाईन येते. तू येजो वावरात, पाणी पलटवाले. मले बरं नाई वाटून राह्यलं."

"येतो नं काकाजी," मी म्हणालो.

गेलो नाही. दुपारचा शो संपला आणि लोक ओरडायला लागले, "पुन्हा लाव! मुर्दे नंबर तीन!" कॅसेटवर मीच स्केचपेनने ते नाव लिहिलं होतं. मी पुन्हा लावली, माइक हातात घेतला आणि दीड तास लोकांना हसवलं.

काकाजी त्या वेळी वांग्याच्या सरीत पडलेले होते. लकवा. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, "लवकर आणायला हवं होतं." कुठे होतास, असं काकूने विचारलं तेव्हा मी सांगितलं, सेलूला गेलतो, कॅसेटी आणायला.

पार्लर मी त्याच आठवड्यात बंद केलं. टीव्ही आणि व्हीसीआर घरी आणून काकाजींच्या बाजेसमोर ठेवले. तीन महिने काकाजी भिंतीकडे तोंड करून पडून होते. चमच्याने भरवलं तर दात घट्ट मिटायचे. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते, पण पायाला हात लावला की ते डाव्या हाताने ढकलून द्यायचे. माणूस जगायचंच नाही म्हणतोय, हे आम्हाला दिसत होतं.

"काहीतरी देवाधर्माचं लाव," काकू म्हणाली. "त्यायचं मन रमन."

मी एका पौराणिक सिनेमाच्या डब्यातली कॅसेट काढून लावली आणि विहिरीवर गेलो. आत कॅसेट भलतीच होती. काकूची हाक आली म्हणून धावत आलो, तर टीव्हीवर मुर्दे नंबर तीन... आणि काकाजींचं तोंड भिंतीकडे नव्हतं.

सीन असा होता. भर उन्हातलं वावर. मातीतून एक डावा हात वर येतो. मग कोपर टेकतं. पांढऱ्या सदऱ्यातला माणूस छातीपर्यंत वर येतो, उजवा हात लोंबतोय... आणि एक बाई किंचाळते. तिथे सीन संपतो. बस, एवढाच. कुठे काय बोलायचं ते आठवावं म्हणून मी डब्याच्या आत व्हीसीआरच्या काउंटरचे आकडे लिहून ठेवायचो. या सीनचे आकडे होते ८१२ ते ८३०.

काकाजींनी डावा हात हलवला. उं... उं... पुन्हा.

त्या दिवशी अकरा वेळा रिवाइंड केलं. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली की पुन्हा उं, उं. मला ती कॅसेट डोळ्यांसमोर नको होती. पण काकाजी त्या दिवशी अर्धी भाकर जेवले, म्हणून मी लावत राहिलो. आठवड्याभरात त्यांनी बाजेवर डावं कोपर टेकलं. अगदी तसंच, आधी पंजा, मग कोपर.

आणि एक दिवस मी भाजी निवडत बसलो होतो, तेव्हा काकू टीव्हीकडे बघून सहज म्हणाली, "हा मेला कालच्याहून बरा हाय बाई आज. काल तं कंबरेवरी बी निंगाला नोयता."

मी वर बघितलं. पांढऱ्या सदऱ्याचा माणूस गुडघ्यावर आला होता. डावा हात जमिनीवर, डावा गुडघा पुढे, उजवा पाय मागून ओढत. मग बाई किंचाळली. काउंटरवर ८५१.

मी तो पिक्चर तीस-चाळीस वेळा दाखवला होता. शब्द न् शब्द मीच बनवलेला होता. गुडघा त्यात कधीच नव्हता.

मी त्या दिवसापासून रोज आकडा लिहायला लागलो. ८५१. ८६०. ८७४. तो उभा राहिला. चार पावलं टाकून तोंडावर पडला आणि पुन्हा उठला. कोणता पिक्चरवाला प्रेताचं पडणं ठेवून घेईल? पण तो पडायचा आणि पडल्यावर कसं उठायचं ते सावकाश, नीट दिसेल असं करायचा. आज त्याने जे केलं ते आठ-दहा दिवसांनी काकाजी करायचे. एकदा तर तो भिंतीपाशी थांबला आणि मागे वळून बघत राहिला, मागून येणाऱ्यासाठी आपण थांबतो तसा. काकाजी हसले. लकव्यानंतर पहिल्यांदा, अर्ध्या तोंडाने.

सातव्या महिन्यात, बाजाराच्या दिवशी, काकाजींनी काकूकडून पांढरा सदरा घालून घेतला आणि दाराबाहेर निघाले. मी आधार द्यायला गेलो तर हात झटकला. काकू वांग्याचं टोपलं घेऊन पुढे, ते तिच्यामागे, मी सगळ्यांत शेवटी. डावा पाय, मग उजवा ओढत... खर्र. डावा पाय... खर्र.

बाजाराच्या तोंडाशी चहावाल्याने पाहिलं. "अबे, मुर्दे नंबर तीन आला!" तो ओरडला आणि लगेच जीभ चावली. बाजारभर तराजू हातातच राहिले. काकाजी थांबले नाहीत. खर्र. आणि मग कोणीतरी तोंडात बोटं घालून शिट्टी मारली, पार्लरमध्ये हिरोच्या एन्ट्रीला मारायचे तशी. दुसरी शिट्टी. मग टाळ्या. भेंडीवाल्या बाया उभ्या राहिल्या, एक म्हणाली, "या भाऊजी, जागा ठेवली हाय तुमची!" सबंध बाजार टाळ्या वाजवत होता आणि त्यातून काकाजी मान ताठ करून चालत आपल्या जागेवर गेले. पोत्यावर बसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. असा थाट मी कोणत्याच हिरोचा पाहिला नाही.

मला राहवलं नाही. मी तिथेच खाली बसलो. "काकाजी... त्या दिवशी मी सेलूले नोयतो गेलो. इथंच होतो. पिक्चर दाखवत होतो."

काकाजींनी ओठ जुळवले. बराच वेळ लागला. "मा... हीत... हाय."

काकू वांगी मांडत होती. वर न बघता म्हणाली, "सारं गाव बसलं होतं तुह्या पिक्चरले. आमाले कोणी सांगितलं नसन काय, बैताडा?"

म्हणजे सात महिने त्या दोघांनी सगळं माहीत असून मला रोज ताट वाढलं होतं. मी रडायला लागलो. काकाजींनी तराजू माझ्याकडे सरकवला. "तोल," म्हणाले. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

डॉक्टरांना नंतर विचारलं. ते म्हणाले, पहिल्या वर्षात सुधारणा होऊ शकते, मनाने घेतलं की फार होते. मान्य. काउंटर चुकतो, टेप ताणली जाते, हेही मान्य, पण काकू काउंटर बघत नव्हती. एकाच पिक्चरच्या लहान-मोठ्या आवृत्त्या असतात, हेही आता मला माहीत आहे. पण एकाच कॅसेटमध्ये रोज वेगळी? काकाजी कसे चालले हे कोणीही डॉक्टर समजावून सांगेल. तो माणूस कसा चालला, हे मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.

ती कॅसेट पुढे बुरशी लागून गेली. काकाजींचं बोलणं मात्र हळूहळू परत आलं. २००६ मध्ये नागपूरला त्याच पिक्चरची डीव्हीडी मिळाली. घरी आणून काकाजींच्या समोर लावली. सीन मुळात होता तेवढाच निघाला. हात, कोपर, छाती, किंकाळी. संपला.

काकाजींनी दोनदा बघितला. मग मला म्हणाले, "याले तं काईच येत नाई बे अजून."

खुर्चीचा हात धरून ते उठले. डावा पाय, खर्र, असे टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहिले, वाकून पडद्याला म्हणाले, "पाह्य, असं," आणि त्याला दिसेल अशा बेताने, सावकाश, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवलं.