विजूताईंना विचारायचं राहिलं

दुकानात गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत होतं, तेव्हा विजूताईंच्या मुलीचा, प्राजूचा, कोल्हापूरच्या हॉस्पिटलमधून फोन आला. "मावशी, आई गेली." मी बाटली कागदात गुंडाळून दिली, दिवसातून किती वेळा घ्यायचं तेही सांगितलं... आणि मग फळ्यांआड जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. दीड महिना झाला त्याला.

विजूताईंचं औषधांचं दुकान रत्नागिरीतल्या कितीतरी बायकांचा आधार होतं. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा मिरजोळ्याला मासळीच्या कारखान्यात कामाला होते. दिवसभर ओल्या कपड्यांत उभं राहायचं. अंगावरून पांढरं जायचं, खाज अशी की जीव नकोसा व्हावा. औषध घेतलं की बरं वाटे, महिन्याभरात पुन्हा तेच. नवरा मुंबईला, आणि सासूला भलतेच संशय. काउंटरपाशी माझ्या तोंडातून शब्द फुटेना. "काय गो, लाजतेस कसली?" ताई म्हणाल्या. "सर्दी झाली तर नाक दाखवतेसच ना?" त्यांनीच मला डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाईंनी तपासलं आणि त्रास पुन्हा उलटू नये म्हणून बोरिक अ‍ॅसिडच्या योनीमार्गात ठेवायच्या कॅप्सूल लिहून दिल्या. मला पुढे बरं वाटलं, आणि वर्षभरात मी ताईंच्याच दुकानात कामाला लागले.

बोरिक म्हटलं की लोकांना कॅरम आठवतो. ताई रिकाम्या कॅप्सूलमध्ये पावडर भरत होत्या, तेव्हा एका गृहस्थांनी विचारलंच, "स्पर्धा आहे की काय?" "आहे तर," ताई म्हणाल्या, "पण बायकांची. तुम्हाला प्रवेश नाही." थट्टा तेवढ्यापुरतीच. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ताई कॅप्सूलच्या पाकिटाला कुणाला हात लावू देत नसत. चिठ्ठी असली तरी आडोशाला नेऊन विचारायच्या. दिवस गेलेत का? पोटात दुखतं का? अधेमधे, किंवा पाळी गेल्यावर, रक्त दिसलं का? मग दटावायच्या, "ही तोंडाने घ्यायची नाही, विष आहे. कुठे ठेवायची, सांग बघू." बाई खाली मान घालून पुटपुटायची, पण वदवून घेतल्याशिवाय पाकीट तिच्या हातात पडत नसे. हळूहळू हे विचारण्याचं काम माझ्याकडे आलं.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ताईंनी कॅप्सूलचा खण उघडला आणि एक पाकीट स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. मी बघितलं. "माझंच गो. जुनं दुखणं," असं म्हणून त्या तिथेच जरा उभ्या राहिल्या. त्यांची पाळी जाऊन आठ वर्षं झाली होती, मला ते ठाऊक होतं. प्रश्न अगदी जिभेवर होता. पण ज्यांनी शिकवलं त्यांनाच काय विचारायचं... मी मुकाट्याने कॅप्सूल भरत राहिले. दिवाळीपर्यंत आणखी दोन पाकिटं गेली. त्यांना रक्त दिसत होतं हे कळलं, तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पार पसरलेला होता. कॅप्सूलमुळे काही झालं नाही, डॉक्टर म्हणाल्या, फक्त वेळ गेला.

शेवटचं भेटायला कोल्हापूरला गेले, तेव्हा मी न राहवून विचारलं, "ताई, दाखवलं का नाहीत हो?" त्या कसनुसं हसल्या. "ज्या डॉक्टरांशी रोजचं बोलणं, त्यांच्यापुढे तपासायच्या टेबलावर झोपायचं? लाज वाटली गो मला." मग म्हणाल्या, "त्या दिवशी खणापाशी उभी राहिले होते ना... वाटलं, तू विचारशील." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी अजूनही स्वतःला माफ केलेलं नाही, करेन असं वाटतही नाही.

परवा प्राजू दुकान ताब्यात घ्यायला आली. आम्ही दोघी फळ्या पुसत होतो, तेव्हा सहज म्हणाली, "मावशी, मलाही मधूनमधून त्रास होतो. एक पाकीट काढून ठेव." मी फडकं खाली ठेवलं आणि तिला सगळे प्रश्न विचारले, एकही न गाळता. ती वैतागली. रक्ताचं विचारलं तेव्हा मात्र पाठ फिरवून पुसलेलीच फळी पुन्हा पुसायला लागली. मी भर सकाळी शटर ओढलं आणि डॉक्टरीणबाईंकडे जायला रिक्षाला हात केला.

"मावशी, अगं मी स्वतः फार्मसी शिकलेय!"

"तुझी आईही शिकलेली होती," मी म्हटलं. "बस आत."